एट माईलच्या पलीकडे

(सकाळ. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार-चार पदर, मधल्या दुभाजकावर वाळलेलं गवत. सिग्नलला थांबलेले पिकअप ट्रक.)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट या मोटारींच्या शहरात रस्त्यांना मैलांची नावं आहेत. शहराच्या मध्यापासून उत्तरेला निघालं की सिक्स माईल लागतो, सेव्हन माईल लागतो आणि मग हा, एट माईल. नकाशावर नुसती एक सरळ रेघ. रेघेच्या दक्षिणेला डेट्रॉईट शहर. उत्तरेला मॅकॉम्ब काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त इथे शेरीफसुद्धा, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुखही, मत मागायला दारात येतो.

२०२०च्या जनगणनेत मॅकॉम्बची लोकसंख्या ८ लाख ८१ हजार होती. पाहण्यासारखं असं इथे फार काही नाही. वॉरन, स्टर्लिंग हाईट्स, क्लिंटन टाउनशिप. एकासारखी एक बैठी विटांची घरं, पुढे हिरवळ, मागे गॅरेज. तरीही अमेरिकी निवडणुकीवर बोलून पोट भरणाऱ्यांची ही पंढरीच आहे. दर चार वर्षांनी वारी येते. पत्रकार येतात, सर्वेक्षणवाले येतात, नाश्त्याच्या हॉटेलात एखादा निवृत्त कामगार गाठतात आणि तोच प्रश्न विचारतात: तुम्ही का बदललात?

हा प्रश्न इथे गेली चाळीस वर्षं विचारला जातोय. म्हणजे बदलणाऱ्यांपैकी कितीतरी जण आता हयातही नाहीत.

(जुनी कृष्णधवल चित्रं: कारखान्याचं फाटक, डबे घेऊन बाहेर पडणारे कामगार.)

१९६० साली मॅकॉम्बमधल्या दर दहापैकी सहाहून जास्त मतदारांनी जॉन केनेडींना मत दिलं. चोवीस वर्षांनी, १९८४ साली, याच काउंटीतली जवळपास दोन तृतीयांश मतं रोनाल्ड रेगन यांना पडली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बालेकिल्ल्यावर रिपब्लिकन निशाण. नेत्यांच्या पक्षांतराला कायदा आडवा येऊ शकतो, मतदाराच्या पक्षांतराला कोण अडवणार?

पण आधी हे लोक डेमोक्रॅट का होते, ते बघू. त्याचं उत्तर पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हतं, पगाराच्या पाकिटात होतं. मोटार कामगारांची युनियन, युनायटेड ऑटो वर्कर्स, १९३५ साली डेट्रॉईटमध्ये उभी राहिली. १९५० साली वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखाली तिने जनरल मोटर्सबरोबर पाच वर्षांचा करार केला. निवृत्तिवेतन, दवाखान्याच्या खर्चाचा विमा, महागाई वाढली की पगारात वाढ. त्या कराराला नाव पडलं ‘डेट्रॉईटचा तह’. तहाची कलमं कामगारांनी अंगणात उभी केली: स्वतःचं घर, दारात गाडी, आणि जरा बरं चाललं तर सेंट क्लेअर सरोवरात एक छोटी बोट. हे सगळं युनियनने मिळवून दिलं आणि युनियन डेमोक्रॅट्सच्या बाजूची. तेव्हा पक्षही कुलदैवतासारखा बापाकडून मुलाकडे आला. कुलदैवत कुणी निवडतं का?

यातली बरीच घरं मूळची डेट्रॉईट शहरातली. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२०मध्ये ती ६ लाख ३९ हजारांवर आली. गोरी कुटुंबं आधीपासूनच बाहेर पडत होती. १९६७च्या जुलैमध्ये शहर पेटलं, ४३ माणसं मेली, आणि गोऱ्यांच्या सामानाचे ट्रक एट माईल ओलांडून उत्तरेकडे धावू लागले. कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र त्या बाजूला घर मिळणं महाकठीण. कर्ज नाकारणारी बँक, घर न दाखवणारा दलाल, नाराज शेजारी. रेघ सांभाळणारे पुष्कळ होते.

(पिवळ्या शाळेच्या बसची रांग.)

आणि मग आली ही बस.

१९७१ साली डेट्रॉईटच्या संघीय न्यायाधीशांनी, स्टीफन रॉथ यांनी, निकाल दिला की शहरातल्या शाळा सरकारी धोरणानेच गोऱ्या आणि काळ्या अशा वेगळ्या ठेवल्या गेल्या आहेत. उपाय काय? शहरात तर गोरी मुलं उरलीच नव्हती फारशी. म्हणून त्यांनी शहराबरोबर आसपासच्या उपनगरांमधले ५३ शालेय जिल्हेही योजनेत घेतले. उपनगरातली मुलं बसने शहरात, शहरातली मुलं बसने उपनगरात.

मॅकॉम्बमध्ये संतापाचा स्फोट झाला. ज्या घरासाठी तीस वर्षं कर्ज फेडायचं, ते घरच मुळी शाळा बघून घेतलेलं. आता न्यायाधीश म्हणतात, मूल दुसऱ्या शाळेत जाईल. यात मुलाची काळजी किती आणि शेजारी काळं मूल बसण्याची चीड किती? काळजी खरी होती. चीडही खरी होती. आजही इथले लोक पहिल्या गोष्टीबद्दल भरभरून बोलतात आणि दुसऱ्या गोष्टीवर आले की हवापाण्याकडे वळतात.

१६ मे १९७२. मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे अध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं मतदान. जिंकलं कोण? जॉर्ज वॉलेस. अलाबामाचे गव्हर्नर, वंशभेदाच्या राजकारणाचा देशभर माहीत असलेला चेहरा. आदल्याच दिवशी मेरीलँडमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. निकाल लागला तेव्हा ते इस्पितळात होते. उत्तरेकडच्या, कामगारांच्या, युनियनच्या राज्यात त्यांना ५१ टक्के मतं. मॅकॉम्बमधला पहिला हादरा रेगन पहिल्यांदा जिंकले तेव्हाचा, १९८०चा मानतात. तो आठ वर्षं आधीच बसला होता, आणि तोही डेमोक्रॅटिक पक्षाच्या घरातच.

२५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांची योजना रद्द केली. दोष शहराचा आणि राज्याचा दाखवला आहे, उपनगरांचा नाही. मग उपनगरांना शिक्षा का, असा बहुमताचा युक्तिवाद. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात बजावलं की अशाने महानगराची दोन शहरं होतील, एक गोऱ्यांचं आणि एक काळ्यांचं.

म्हणजे ती बस एट माईल ओलांडून कधी धावलीच नाही. मतं मात्र तिच्यात बसून गेली ती गेलीच.

(एका सामुदायिक सभागृहात गोलात मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या.)

१९८५ साली स्टॅन ग्रीनबर्ग नावाचे एक मतदार-अभ्यासक इथे आले. डेमोक्रॅटिक पक्षालाच जाणून घ्यायचं होतं की आपली माणसं गेली कुठे. त्यांनी पक्ष सोडून गेलेल्या मतदारांचे छोटे गट बसवले आणि बोलू दिलं. जे ऐकू आलं ते पक्षाला सोसवण्यासारखं नव्हतं. हे लोक आपल्या आयुष्यात जे जे बिघडलं त्याचं खापर काळ्या लोकांवर आणि त्यांच्यासाठी चाललेल्या सरकारी योजनांवर फोडत होते. आपला पक्ष आता आपला नाही, त्यांचा आहे, असं त्यांना वाटत होतं. या मंडळींना ‘रेगन डेमोक्रॅट’ हे नाव पडलं. स्वतः रेगनही एके काळचे डेमोक्रॅट, आणि हॉलिवूडच्या नटांच्या युनियनचे माजी अध्यक्ष. सूर जुळायला वेळ लागला नाही.

गोष्ट इथे संपवली तर ती सोपी होते. सगळा वर्णद्वेष, विषय मिटला. पण मॅकॉम्ब कुणालाच सोपी गोष्ट सांगू देत नाही.

कारण २००८ साली याच काउंटीने बराक ओबामांना मत दिलं. आणि २०१२ साली पुन्हा दिलं. मधल्या काळात, २००९च्या एप्रिलमध्ये क्रायस्लर आणि जूनमध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या, आणि सरकारने पैसा ओतून त्यांना वाचवलं. स्टर्लिंग हाईट्सचा क्रायस्लरचा कारखाना बंद होणाऱ्यांच्या यादीत होता. तो वाचला आणि आज तिथून रॅम ट्रक बाहेर पडतात. दुसऱ्या बाजूला, कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार १९९४पासून अमलात आणणारे अध्यक्ष डेमोक्रॅटच होते, बिल क्लिंटन. सुट्या भागांचे कारखाने मेक्सिकोकडे जाताना ज्याने पाहिले, त्याला हे कुणी आठवून द्यावं लागत नाही.

मग २०१६. डोनाल्ड ट्रम्प मॅकॉम्बमध्ये सुमारे ४८ हजार मतांनी पुढे राहिले. संपूर्ण मिशिगन राज्य ते किती मतांनी जिंकले? १० हजार ७०४. ही एक काउंटी बाजूला काढली असती तर राज्य हिलरी क्लिंटन यांचं होतं.

तेव्हापासून ‘ओबामाकडून ट्रम्पकडे गेलेला मतदार’ शोधायची टूम निघाली. तो आहे, नाही असं नाही. पण काउंटीचा निकाल बदलला म्हणजे माणूस बदलला असं नव्हे. २०१२च्या तुलनेत डेमोक्रॅट्सची मतं तीस हजारांहून जास्त घटली. त्यातले काही पलीकडे गेले, काही घरीच बसले. जुना युनियनवाला वारला किंवा फ्लोरिडाला गेला. त्याच्या घरात कोण आलं? काही ठिकाणी एट माईल ओलांडून आलेलं कृष्णवर्णीय कुटुंब. रेघेला लागूनच ईस्टपॉइंट नावाचं गाव आहे. त्याचं आधीचं नाव ईस्ट डेट्रॉईट. १९९२ साली गावाने डेट्रॉईट हे नाव पुसून टाकलं, श्रीमंत ग्रोस पॉइंटच्या नावाशी जवळीक साधली. नाव बदललं, पण माणसं यायची थांबली नाहीत.

स्टर्लिंग हाईट्समध्ये वेगळेच लोक आले: इराकमधले कॅल्डियन ख्रिस्ती. त्यांची चर्च, बेकऱ्या आणि दुकानं इथे आहेत. २०१६ साली त्यांच्यातल्या पुष्कळांनी ट्रम्प यांना मत दिलं, मध्यपूर्वेतल्या ख्रिस्त्यांचा हा माणूस पाठीराखा आहे या समजुतीने. २०१७च्या जूनमध्ये एका रविवारी स्थलांतर खात्याच्या पथकांनी याच समाजातली शंभरावर माणसं इराकला परत पाठवण्यासाठी पकडली. बायाबापड्या रस्त्यावर फलक घेऊन उभ्या राहिल्या.

(डिक्विंडर रोड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन काउंट्यांच्या पाट्या.)

मॅकॉम्बची पश्चिमेकडची हद्द म्हणजे हा डिक्विंडर रोड. पलीकडे ओकलंड काउंटी, ट्रॉय शहर. पुण्याच्या मोटार कंपन्यांमधून इथे आलेल्या इंजिनिअरांना ट्रॉय चांगलं ठाऊक आहे. ओकलंड हे एके काळी रिपब्लिकनांचं माहेर. २०१२चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी तिथेच वाढले. १९९६पासून मात्र अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत ओकलंड डेमोक्रॅट्सकडे. एका रस्त्याच्या दोन कडा, दोन उलट प्रवास. पदवीधरांचा पक्ष आणि पदवी नसलेल्यांचा पक्ष अशी नवी रेघ पडली आहे, आणि ती इथे डांबरावर दिसते. दक्षिणेला, डेट्रॉईटच्या मोठ्या भागातून, काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेलेत श्री ठाणेदार: बेळगावात वाढलेला मराठी माणूस, डेमोक्रॅट.

२०२३च्या सप्टेंबरात मोटार कामगारांचा संप चालू होता. २६ तारखेला अध्यक्ष बायडेन संपकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले; पदावर असताना असं करणारे ते पहिले अध्यक्ष. २७ तारखेला ट्रम्प मॅकॉम्बमध्ये आले, क्लिंटन टाउनशिपमधल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात, जिथे युनियनच नाही. युनियनच्या नेत्यांनी पाठिंबा जाहीर केला बायडेन यांना आणि नंतर कमला हॅरिस यांना. २०२४च्या नोव्हेंबरात काउंटी मात्र गेली ट्रम्प यांच्याकडेच, आधीपेक्षा मोठ्या फरकाने. एकाच युनियनची वर्गणी भरणारे दोघे जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी फक्त फुटबॉलवर बोलतात, कारण दुसऱ्या विषयाला हात घालायची सोय उरलेली नाही.

आणि तरीही. २०१८ आणि २०२२, दोन्ही वेळा गव्हर्नरपदासाठी याच काउंटीने डेमोक्रॅट ग्रेचेन व्हिटमर यांना आघाडी दिली. त्यांचा गाजलेला वायदा काय होता? रस्त्यांवरचे खड्डे. मिशिगनच्या हिवाळ्यात बर्फ डांबर फोडतो, आणि खड्ड्यात आदळलेलं चाक कुणाचा पक्ष विचारत नाही.

(स्वयंपाकघर. टेबलावर दोन लांबलचक मतपत्रिका.)

मिशिगनमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. नोंदणीच्या कागदावर इथला माणूस डेमोक्रॅट नसतो की रिपब्लिकन नसतो. पण मतपत्रिकेच्या माथ्यावर एक सोय आहे: पक्षाच्या नावापुढचं एकच वर्तुळ भरा, खालची त्या पक्षाची सगळी मतं आपोआप पडतात. २०१५च्या डिसेंबरात विधिमंडळाने ही सोय काढून टाकायचा कायदा केला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०१८ साली लोकांनीच सार्वमत घेऊन ती परत आणली. ज्यांना ते नको, त्यांनी खाली उतरत जायचं: अध्यक्ष, आमदार, शेरीफ, अगदी विद्यापीठांचे विश्वस्तसुद्धा. एकेक ओळ वाचायची, एकेक वर्तुळ भरायचं.

टपालाने आलेल्या या मतपत्रिकेबरोबर एक कागदी आवरण येतं, मत कुणाला दिसू नये म्हणून. नवरा टेबलाच्या या टोकाला, बायको त्या टोकाला. त्याने वरचं एक वर्तुळ भरून पेन खाली ठेवलंय. ती अजून मागच्या पानावर आहे.