हरलेल्या घोड्याचा हिशेब

[जुनं, फिकट झालेलं चित्रण. गच्च भरलेली गॅलरी. स्टार्टिंग गेटमागे घोडे आत शिरताना.]

५ मे १९७३. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं चर्चिल डाउन्स हे मैदान. सव्वा मैलाची केंटकी डर्बी सुटायच्या बेतात आहे. गेटमध्ये शॅम नावाचा तीन वर्षांचा घोडा उभा आहे. सुटताना त्याचं तोंड गेटच्या लोखंडावर आपटतं. दात दुखावतात, रक्त येतं. तरी तो पळतो, आणि शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या पुढे असतो.

मग मागून एक तांबूस घोडा येतो. सेक्रेटेरियट. सरळ पट्ट्यावर तो शॅमला गाठतो आणि अडीच लेंग्थनं जिंकतो.

सेक्रेटेरियटची वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. त्याआधीचा विक्रम होता नॉर्दर्न डान्सरचा, १९६४ सालचा, बरोबर दोन मिनिटांचा. नऊ वर्षं टिकलेला विक्रम मोडला, टाळ्या झाल्या, फुलांची चादर विजेत्याच्या खांद्यावर पडली.

दुसऱ्या आलेल्या घोड्याची अधिकृत वेळ कुणी लावत नव्हतं. ती आपण काढू. एक लेंग्थ म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, साधारण आठ फूट, म्हणजे २.४ मीटर. अडीच लेंग्थ म्हणजे सहा मीटर. शेवटच्या टप्प्यात हे घोडे सेकंदाला सतरा मीटरच्या थोडं वर पळत होते. सहा मीटरला लागतात सुमारे ०.३५ सेकंद. म्हणजे शॅमची वेळ झाली १ मिनिट ५९.७५ सेकंदांच्या आसपास.

दोन मिनिटांच्या आत! जुना विक्रम शॅमनंही मोडला होता, आणि तो हरला होता. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दोन मिनिटांच्या आत ही डर्बी जिंकणारा एकच घोडा निघाला, २००१ सालचा मोनार्कोस, १ मिनिट ५९.९७ सेकंद. आपला हिशेब धरला तर हरलेला शॅम त्याच्याही पुढे होता.

निकालाच्या कागदावर शॅमपुढे फक्त दोनचा आकडा आहे. घोड्यांना रेटिंग देणारी माणसं त्या आकड्यावर समाधान मानत नाहीत. किती वजन घेऊन पळाला, किती अंतर, कोणत्या जमिनीवर, कुणाच्या मागे, किती फरकानं, हे सगळं ती विचारतात. गेली पावणेदोनशे वर्षं हे काम चालू आहे. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण घोडा स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

[वजनकाटा. खोगीर मांडीवर घेऊन बसलेला जॉकी. काट्याची सुई थरथरत स्थिरावते.]

सुरुवात इथून होते, वजनकाट्यापासून. शर्यतीआधी जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो. ठरलेल्या वजनापेक्षा तो हलका भरला, तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. शर्यतीनंतर पुन्हा वजन होतं. ते कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही हातची जाते.

हा सगळा खटाटोप हँडिकॅप शर्यतीसाठी. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमजोर घोड्यावर कमी. हे वजन ठरवणाऱ्या माणसाचं, म्हणजे हँडिकॅपरचं, स्वप्न असं, की सगळे घोडे एकाच क्षणी विजयरेषा ओलांडावेत. म्हणूनच घोड्याचं रेटिंग मुळात वजनाच्या भाषेत लिहिलं जातं. एका घोड्याचं रेटिंग १०० आणि दुसऱ्याचं ९० असेल, तर अर्थ इतकाच: पहिल्याच्या पाठीवर दहा पौंड जास्त ठेवले, म्हणजे साधारण साडेचार किलो, तर दोघं बरोबरीनं यावेत.

आता एक शर्यत कल्पनेतली घेऊ. अंतर एक मैल, म्हणजे आठ फर्लांग. जिंकणाऱ्यावर ११९ पौंड, दुसऱ्या आलेल्यावर १२८ पौंड. फरक दोन लेंग्थ. चांगला घोडा कोणता?

मैलाच्या शर्यतीत एका लेंग्थला साधारण दोन पौंड धरतात. दोन लेंग्थचे झाले चार. पण हरलेल्यानं नऊ पौंड जास्त वाहिले होते. नवातून चार गेले, उरले पाच. हरलेला घोडा पाच पौंडांनी सरस निघाला.

तेच घोडे, तेच वजन, तोच दोन लेंग्थचा फरक, पण अंतर पाच फर्लांगांचं असतं तर? तिथे एका लेंग्थला तीन पौंड. मग हरलेला फक्त तीन पौंडांनी सरस. आणि दोन मैलांची शर्यत असती तर एका लेंग्थला एकच पौंड, हरलेला सात पौंडांनी सरस!

[कोऱ्या कागदावर पेन्सिल. आकडे एकाखाली एक.]

तीन, दोन, एक. हे आकडे अनुभवी माणसांकडून पुढच्या पिढीला मिळत आले. वेगवेगळे हँडिकॅपर त्यात पाव-अर्ध्या पौंडाचा फरकही करतात. पण त्यांच्या मुळाशी काय आहे, ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे.

पाच फर्लांग म्हणजे १००६ मीटर. एका पौंडानं तिथे एक तृतीयांश लेंग्थ, म्हणजे ८० सेंटिमीटर जातात. हजार मीटरला ८० सेंटिमीटर, म्हणजे ०.०८ टक्के. मैलाला एका पौंडानं अर्धी लेंग्थ, १६०९ मीटरला १ मीटर २० सेंटिमीटर. पुन्हा तेच, ०.०७५ टक्के. दोन मैलांना एक लेंग्थ, ३२१९ मीटरला २.४ मीटर. पुन्हा ०.०७५. तीन वेगळे नियम वाटत होते, आतून एकच निघाला.

आणखी एक पायरी. शर्यतीच्या घोड्याचं वजन साधारण ५०० किलो, जॉकी आणि खोगीर धरून ५५५. त्यात एक पौंड वाढवला तर एकूण वजन वाढलं किती? ०.०८ टक्के. वजन ज्या प्रमाणात वाढलं, जवळपास त्याच प्रमाणात अंतर हातचं गेलं. घोड्याच्या पायातली ताकद तेवढीच राहिली आणि ओझ्यानं आपला वाटा चोख वसूल केला. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसलो होतो.

वजन कसं वाहिलं जातं, यालाही महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जॉकी लांब रिकिबीत पाय टाकून ताठ बसायचे. मग रिकीब आखूड झाली, जॉकी खोगिरावरून उठून घोड्याच्या मानेवर वाकू लागले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं, की या बदलाच्या काळात शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी उतरल्या. एका पौंडाला ०.०८ टक्के, आणि नुसत्या बसण्याच्या पद्धतीला पाच टक्के! वजन तेवढंच होतं, पण घोड्याला ते दर झेपेला वर-खाली उचलावं लागत नव्हतं.

[यॉर्कचं मैदान. हिरवळ, सकाळचं धुकं.]

वजनाच्या या हिशेबाला शिस्त लावणारा माणूस दर्यावर्दी होता. ॲडमिरल हेन्री जॉन राऊस, ब्रिटिश आरमारातला अधिकारी. १८५० साली शरद ऋतूत डॉन्कास्टरला एक अघटित घडलं. तोवर अजिंक्य असलेला फ्लाइंग डचमन हा घोडा व्होल्टिजर या तीन वर्षांच्या घोड्याकडून अर्ध्या लेंग्थनं हरला. लहान वयाच्या घोड्याला नियमाप्रमाणे वजनात मोठी सूट होती. मग खरा श्रेष्ठ कोण? वाद पेटला. दोघांची समोरासमोर शर्यत ठरली: १३ मे १८५१, यॉर्क, दोन मैल. वजन ठरवायची जबाबदारी राऊसवर.

एक घोडा पाच वर्षांचा, दुसरा चार. राऊसनं थोरल्यावर साडेआठ पौंड जास्त ठेवले. थोरला मागून आला आणि सुमारे एका लेंग्थनं जिंकला. दोन मैलांना एक लेंग्थ म्हणजे आपल्या कोष्टकात एक पौंड. देशातल्या सर्वांत मोठ्या वादाचा निवाडा करताना त्या माणसाचा अंदाज पौंडभरच चुकला. १८५५ साली हँडिकॅपरचं सार्वजनिक पद त्याच्याकडे आलं, यात नवल ते काय. वयाप्रमाणे वजनात सूट देण्याचं त्याचं कोष्टक दुरुस्त होत होत आजही वापरात आहे. तीन वर्षांच्या घोड्याला वर्षाच्या सुरुवातीला जास्त सूट, महिने सरतील तशी कमी, आणि अंतर लांब तशी जास्त. वाढत्या अंगाच्या पोराकडून कोणत्या महिन्यात किती अपेक्षा ठेवावी, हे त्या आकड्यांत लिहिलेलं आहे.

[स्टॉपवॉच. पावसानं भिजलेली माती, खुरांचे खोल ठसे.]

आता घड्याळाकडे. वेळ मोजली की वेग कळला, असं वाटणं साहजिक आहे. पण नुसती वेळ फसवते. पावसानं मऊ झालेल्या जमिनीत खूर रुततात आणि उत्तम घोडाही सेकंद-दोन सेकंद उशिरा पोचतो. म्हणून आधी त्या मैदानावरची त्या अंतराची नेहमीची वेळ काढतात. मग त्या दिवसाच्या सगळ्या शर्यती बघतात. समजा दिवसभर मैलाला सगळेच दीड सेकंद उशिरा येत आहेत. तो दोष जमिनीचा. अशा दिवशी ९९ सेकंदांत आलेला घोडा खरं तर ९७.५ सेकंदांचा. त्यातून मग वजनाचा हिशेब, आणि शेवटी आकडा.

इंग्लंडमध्ये फिल बुल या गणित शिकलेल्या माणसानं अशा वेगाच्या आकड्यांवर नाव कमावलं आणि १९४८ मध्ये टाइमफॉर्म ही संस्था काढली. अमेरिकेत अँड्र्यू बेयर यांच्या आकड्यांनी तेच काम केलं. टाइमफॉर्मची एक सवय मला फार आवडते. घोडा अजून सुधारेल असं वाटलं, तर त्याच्या आकड्यापुढे ते छोटा ‘पी’ लावतात. आजचा आकडा आणि उद्याची आशा, दोन्ही शेजारी शेजारी.

घड्याळच चुकलं तर? तसंही झालं. त्याच १९७३ सालच्या मे महिन्यात, डर्बीनंतर दोन आठवड्यांनी, प्रीकनेस शर्यत झाली. विजेता पुन्हा सेक्रेटेरियट, दुसरा पुन्हा शॅम, फरक पुन्हा अडीच लेंग्थ. विजेच्या घड्याळानं वेळ दाखवली १ मिनिट ५५ सेकंद. हातातल्या घड्याळांवर मोजणाऱ्यांना ती पटेना. आधी ती १ मिनिट ५४.४ केली गेली. वाद मिटला २०१२ साली, जुनं चित्रण तपासून: १ मिनिट ५३ सेकंद. दोन सेकंदांचा फरक. या वेगात दोन सेकंद म्हणजे जवळपास चौदा लेंग्थ. एकोणचाळीस वर्षं दोन्ही घोड्यांच्या नावावर चुकीची वेळ होती. सेक्रेटेरियटला निदान विक्रम परत मिळाला.

[वरून घेतलेलं दृश्य. वळणावर घोड्यांचा पुंजका, एक घोडा बाहेरून.]

वळणाचा हिशेब तर साध्या डोळ्यांनाही दिसतो. अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा आतल्या कठड्यापासून एक मीटर बाहेरून पळाला, तर त्याला ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. वळण मोठं असो वा लहान, हा आकडा बदलत नाही. म्हणजे सव्वा लेंग्थहून जास्त, मैलाच्या शर्यतीत अडीच पौंडांच्या वर. मघाच्या आपल्या हरलेल्या घोड्याला मीटरभर बाहेरून जावं लागलं असेल, तर त्याच्या नावावर तेही जमा करायला हवं.

एवढं करूनही शेवटचा आकडा माणूसच ठरवतो. २०१३ च्या जानेवारीत जागतिक क्रमवारी लावणाऱ्या हँडिकॅपरांनी मागच्या दशकांतले आकडे नव्यानं तपासले. १९८६ सालच्या डान्सिंग ब्रेव्हचे १४१ वरून १३८ झाले, आणि चौदा पैकी चौदा शर्यती जिंकलेला फ्रँकेल १४० वर राहून सर्वांत वर आला. डान्सिंग ब्रेव्हवर प्रेम करणारे दुखावले. माझ्या मते ती तपासणी योग्यच होती. पिढ्यापिढ्यांची तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी.

[बेलमाँट पार्क. ९ जून १९७३.]

आणि आता बेलमाँट. दीड मैल. सेक्रेटेरियट आणि शॅम सुरुवातीपासून एकमेकांना खेटून पळतात. पहिले सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत, बारा फर्लांगांच्या शर्यतीला न झेपणारा वेग. शॅम मागे हटत नाही. मग त्याचे पाय संपतात. सेक्रेटेरियट एकटाच पुढे जात राहतो, २ मिनिटं २४ सेकंद, एकतीस लेंग्थ. हा विक्रम पन्नास वर्षांनीही कुणाला मोडता आलेला नव्हता. पाच घोड्यांत शॅम पाचवा येतो.

कोष्टकाप्रमाणे त्या दिवशीचा शॅमचा आकडा एखाद्या सुमार घोड्याचा निघेल. चांगला हँडिकॅपर तो आकडा बाजूला ठेवतो, पहिल्या सहा फर्लांगांची वेळ बघतो, आणि डर्बीचा आकडाच शॅमचा खरा आकडा मानतो.

शॅम त्यानंतर शर्यतीत उतरला नाही. पायाच्या हाडाला तडा गेल्याचं त्याच उन्हाळ्यात दिसून आलं. पुढची वीस वर्षं तो शांतपणे जगला. १९९३ मध्ये तो गेला, तेव्हा शवविच्छेदन झालं. शर्यतीच्या घोड्याचं हृदय साधारण साडेआठ पौंडांचं असतं. काट्यावर शॅमचं भरलं अठरा पौंड.