व्हर्जिलचा ‘पिउस’ नायक

मंडळी, लॅटिनकडे आपण बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेने येतो, आणि ‘पिएतास’ या शब्दापाशी ती वाट हमखास चकवते. इंग्रजीतला ‘पायस’ म्हणजे देवभक्त, जरा सोवळा, कधीकधी ढोंगीसुद्धा. तो अर्थ डोक्यात ठेवून रोमन कवी व्हर्जिलचं ‘ईनिड’ हे महाकाव्य उघडलं, की त्याचा नायक ‘पिउस एनियास’ हा जपमाळ ओढणारा कुणी बुवा वाटतो आणि वाचक पहिल्याच सर्गात कंटाळतो.

रोमन माणसाला पिएतास म्हणजे नात्याने अंगावर आलेलं देणं. आईवडिलांचं, देवांचं, देशाचं, मुलाबाळांचंही. ते फेडणारा ‘पिउस’, बुडवणारा ‘इम्पिउस’. मनात काय आहे यापेक्षा हातून काय घडलं याला इथे वजन जास्त. मेटेलस न्युमिडिकस या रोमन सेनापतीला इ. स. पू. १०० मध्ये रोम सोडावं लागलं. त्याला परत आणण्यासाठी त्याच्या मुलाने इतक्या विनवण्या केल्या, की लोक त्याला मेटेलस पिउसच म्हणू लागले. पुढे त्याने पाडलेल्या नाण्यावर पिएतास देवीचं मुख आहे आणि जवळ करकोचा. म्हाताऱ्या आईबापांना करकोचा पोसतो, अशी त्या काळची समजूत.

असा शब्द राजकारण्यांच्या तावडीतून सुटणं शक्यच नव्हतं. रोमन सेनापती पाँपीचा मुलगा सेक्स्टस स्वतःला ‘पिउस’ म्हणवायचा, कारण तो बापासाठी लढत होता. मार्क अँटनीचा भाऊ लुसियस इ. स. पू. ४१ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला, त्याने ‘पिएतास’ हे नावच लावून घेतलं, भावावरची निष्ठा दाखवायला. ऑगस्टसला सिनेटने जी सोन्याची ढाल दिली, तिच्यावरच्या चार गुणांतही पिएतास आहेच. कवी कॅटलस मात्र वेगळाच. प्रेयसीने दगा दिल्यावर तो देवांना म्हणतो, माझ्या पिएतासच्या बदल्यात मला या रोगातून सोडवा. नात्यातला शब्द मी पाळला, आता तुमची बाजू तुम्ही पाळा, असा हा रोखठोक व्यवहार!

आता व्हर्जिल. दुसऱ्या सर्गात एनियासचं शहर ट्रॉय जळतंय. एनियास म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेतो. आपल्याला लगेच श्रावणबाळ आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण पुढची ओळ बघा. घरचे देव तो बापाच्या हातात देतो, कारण स्वतःचे हात नुकत्याच झालेल्या कत्तलीच्या रक्ताने माखलेत. वाहत्या पाण्यात अंग धुतल्याशिवाय देवांना शिवणं त्याला निषिद्ध आहे. म्हणजे खांद्यावर बाप, बापाच्या हातात देव, आणि बोट धरून चाललेला लहानगा मुलगा. बायको क्रेउसा मागून येत असते, ती वाटेत हरवते. सगळीच देणी एका फेरीत फिटत नाहीत, हे कवी तिथेच सांगून टाकतो.

चौथ्या सर्गात कार्थेजची राणी डिडो हिच्याकडे रमलेल्या एनियासला कवी ‘पिउस’ म्हणत नाही. ती गयावया करते, शिव्याशाप देते, बेशुद्ध पडते, आणि मग ओळ येते: ‘अत् पिउस एनेआस’. पण पिउस एनियास, तिचं सांत्वन करावं असं वाटत असूनही, इटलीला जाण्याची देवांची आज्ञा मानून जहाजांकडे परततो. वाचकाला त्याचा सर्वांत राग येतो तिथेच हे विशेषण! मला ही व्हर्जिलची सर्वांत निर्दय जागा वाटते. नंतर डिडोही टोमणा मारते: हाच का तो, बापाला खांद्यावरून नेलं म्हणतात तो?

दहाव्या सर्गात, इटलीतल्या लढाईत, बापाला वाचवायला मध्ये पडलेल्या शत्रूपक्षातल्या लॉससला एनियास म्हणतो, तुझी पिएतासच तुला फसवतेय. आणि त्याला मारतो. त्या पोराचा पांढरा पडलेला चेहरा पाहताना कवी एनियासचं नाव घेत नाही, ‘अँकायसिसचा मुलगा’ म्हणतो.

शेवटच्या सर्गात तह मोडतो, तेव्हा ‘पिउस’ एनियास उघड्या डोक्याने, निःशस्त्र हात पुढे करून आपल्या माणसांना आवरतोय. पण अखेरीस त्याचा मुख्य शत्रू टर्नस, जखमी होऊन, त्याच्यापुढे म्हाताऱ्या बापाची आण घालतो, ‘तुलाही असाच बाप होता’ म्हणतो. एनियासचा हात थबकतो. मग टर्नसच्या खांद्यावर, त्यानेच मारलेल्या पॅलसचा पट्टा दिसतो. पॅलस हा मित्रराजा एव्हँडरने विश्वासाने एनियासच्या हवाली केलेला मुलगा. एनियास तलवार खुपसतो. ‘पॅलस तुझा बळी देतोय’ हे त्याचे शब्द. क्रियापद यज्ञातलं, पण एनियाससाठी कवीने वापरलेले शब्द रागाचे, संतापाने पेटल्याचे. ‘पिउस’ तिथे नाही.

दयेची मागणी बापाच्या नावाने, सूडाची पॅलसच्या नावाने. दोन्ही पिएतासच. कवीला विशेषण सुचलं नाही असं मी मानत नाही. त्याने ते मुद्दाम हातचं राखलं. अभ्यासकांचे यावर आजही दोन तट आहेत. एनियासने एव्हँडरचं देणं चुकतं केलं असं एक म्हणतो, रागाच्या भरात तो स्वतःला विसरला असं दुसरा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पहिल्यांशी वाद घालायचा असेल, तर बारावा सर्ग हातात घेऊनच घालावा लागतो.