प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवस राहिले की घरोघरी एक सल्ला हमखास मिळतो, ‘प्रतिकारशक्ती वाढव’. मग काढे येतात, पावडरीचे डबे येतात. पण बाळाचे दिवस पुरे भरावेत म्हणून आईच्या पांढऱ्या पेशींना लढण्यापेक्षा स्वतःला आवरण्याचंच काम जास्त असतं. आज त्याबद्दल बोलू.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात.

आता एक कोडं बघा. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारू पाहतं, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. बाळातही निम्मा वाटा वडिलांचा, म्हणजे आईच्या शरीराला परकाच. मग ते नऊ महिने टिकतं कसं? पीटर मेडावार या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये हा प्रश्न मांडला. उत्तराचा मोठा भाग ‘नियामक टी पेशी’ या पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकारात सापडला. इतर पेशी हल्ल्याला निघाल्या की त्यांना या मागे खेचतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या, आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं.

दुसऱ्या पेशींचं नाव ऐकून दचकायला होतं, ‘नॅचरल किलर’. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास ७० टक्के याच. नाव मारेकऱ्याचं, काम मात्र पाटकऱ्याचं. उजनीच्या कालव्यावरून शेताकडे चारी रुंद करून द्यावी, तशा या पेशी वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सैल आणि रुंद व्हायला मदत करतात. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे आईचा रक्तदाब चढू शकतो, बाळाची वाढ खुंटते, आणि डॉक्टरांना बाळंतपण लवकर उरकावं लागतं.

बिघडतं कुठे? बऱ्याचदा जंतुसंसर्गाने. योनिमार्गातले जंतू वर चढले की पांढऱ्या पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि गर्भाशय आकुंचन पावू लागतं. सोबत जी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सुटतात ती पाणमोटीचं आवरण कमजोर करतात, गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं. दिवस भरल्यावर हीच यंत्रणा बाळंतपण घडवते, इथे ती अवेळी सुरू झालेली असते. प्रयोगशाळेत गाभण उंदरांमधल्या नियामक टी पेशी काढून टाकल्या तेव्हा त्यातल्या काही अवेळी व्याल्या. माणसांसाठी या पेशी वाढवणारं औषध मात्र अजून नाही. तसा दावा डब्यावर छापलेला दिसला तर पैसे वाचवा.

मग आपल्या हातात काय आहे? एक म्हणजे लघवीची तपासणी. गरोदरपणात जळजळ, ताप काहीही नसताना लघवीत जंतू असू शकतात. आपल्या सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांचं बघा. हजार विड्यांचा आकडा पुरा होईपर्यंत जागचं उठायचं नाही, पाणीही बेताचंच प्यायचं. लघवी अशी तासन्‌तास तुंबवली तर संसर्गाला वाव मिळतो. म्हणून पहिल्या तपासणीतच लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करून घ्या. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत धरा. डबी तासाभरात प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात ती पिशवीत दोन-तीन तास राहिली तर जंतू डबीतच वाढतात आणि अहवाल चुकतो. औषध दिलं तर पाच-सात दिवसांचा जो काही कोर्स असेल तो पूर्ण घ्या, नंतर तपासणी पुन्हा करा. त्रास नव्हताच, म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबवणाऱ्या पुष्कळ. योनिस्राव करडा झाला, माशासारखा वास आला, तर तेही लाजू नका, सांगा.

आणि मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासण्यापुरती असली तरी. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात, २००४ मध्ये, धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि जन्मलीही आधी.

आधी कधी अवेळी बाळंतपण झालं असेल तर १८ ते २४ आठवड्यांत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी योनिमार्गातून सोनोग्राफी करून मोजतात. ती २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर डॉक्टर बहुधा २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन रोज रात्री योनिमार्गात ठेवायला सांगतात. हे संप्रेरक गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवतं, पांढऱ्या पेशींचा भडकाही कमी करतं.

आता खुणा. पोट दर दहा मिनिटांनी दगडासारखं कडक होणं, कंबर येऊन-जाऊन भरून येणं, पाणी झिरपणं, रक्त दिसणं. यातलं एक जरी ३७ आठवड्यांच्या आत झालं, तरी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत छत्तीस तास हवेत. कळा लांबवणारी औषधं जेमतेम दोन दिवस मिळवून देतात, आणि तुमची रात्र त्यातूनच वजा होते. मोफत गाडीसाठी १०२ किंवा १०८ फिरवा, आशाताईंना कळवा, सिव्हिल गाठा.

निघताना कपड्यांच्या पिशवीआधी गरोदरपणाचं कार्ड आणि पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा कागद घ्या. ‘आठवा लागलाय’ एवढ्यावर डॉक्टरांना ३३ आठवडे की ३५, हे ठरवता येत नाही. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते याच आकड्यावरून ठरतं.