अनुदानाच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजा

शाळेनंतरच्या केंद्रासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव कसा लिहायचा ते सांगा, असा निरोप तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाठवला होता. त्याकडे येतो. आधी एक काम करा. अनुदानाचा शेवटचा दिवस कोणता, ते शोधा आणि त्या तारखेवर खूण करा. अमेरिकेत शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळणारी, शिकवणारी, खेळवणारी केंद्रं बंद पडतात तेव्हा मुलं येईनाशी झाली हे कारण माझ्या पाहण्यात क्वचितच असतं. पैशाची मुदत संपलेली असते आणि त्या दिवसाचा विचार कोणी केलेला नसतो.

केंद्र सरकारची या कामासाठीची मुख्य योजना म्हणजे ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’. १९९४ च्या कायद्यात ती आली, १९९८ मध्ये तिचा रोख शाळेनंतरच्या वेळेकडे वळला आणि २००२ पासून वाटपाचं काम राज्यांकडे गेलं. राज्य स्पर्धेतून केंद्रं निवडतं, गरीब वस्त्यांतल्या शाळांना प्राधान्य देतं आणि तीन ते पाच वर्षांसाठी पैसे देतं. शाळा आधीपासून जो खर्च करत होती, तो या पैशातून भागवायचा नाही, ही अट नीट वाचा.

आता हिशेब करा. सहा वर्षांचं मूल पहिलीत असताना तुमच्याकडे आलं. पूर्ण पाच वर्षांचं अनुदान मिळालं, तरी ते संपतं तेव्हा मूल अकरा वर्षांचं असतं. आईवडील कामावर आणि मूल घरी एकटं, ही चिंता त्या वयात मिटलेली नसते. मुलाची गरज पैशापेक्षा जास्त वर्षं टिकते, हे पहिल्याच बैठकीत मान्य करायला हवं.

कोविडनंतर हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२१ च्या कायद्याने शाळांसाठी सुमारे १२२ अब्ज डॉलर आले. त्यातला ठरावीक भाग मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढायला होता, आणि शाळेनंतरचे उपक्रम त्यात बसत होते. हा पैसा कशावर लावायचा ते पक्कं करण्याची शेवटची तारीख होती ३० सप्टेंबर २०२४. ती पहिल्यापासून कागदावर होती, तरीही अनेकांनी त्या पैशावर कायमची माणसं नेमली. जुलै २०२५ मध्ये तर मुख्य योजनेचेच पैसे केंद्र सरकारने काही काळ रोखून धरले. ते पुढे मोकळे झाले, पण मधल्या दिवसांत पगार कशातून द्यायचे? थोडी शिल्लक बाजूला असणं म्हणूनच गरजेचं आहे.

मोठ्या अनुदानाच्या जोडीला मुलामागे किंवा ताटामागे येणारा पैसा शोधा. याकडे लोक फार दुर्लक्ष करतात, म्हणून इथे जरा थांबतो. शेजारच्या शाळेतली निम्मी तरी मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, तर कृषी खात्याच्या पोषण कार्यक्रमातून तुम्हाला अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला एक खाऊ आणि एक जेवण, यांची भरपाई मिळू शकते. केंद्रात काही शिकण्याचा किंवा छंदाचा उपक्रम हवा, आणि रोजची हजेरी व वाढलेल्या ताटांची नोंद चोख हवी. दुसरा मार्ग बालसंगोपन निधीचा. नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कमी उत्पन्नाच्या पालकांच्या, तेरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तो असतो. त्यासाठी राज्याच्या सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या अटी पाळाव्या लागतात. कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, हे खरं. पण हजेरीची वही नीट ठेवणारं माणूस केंद्राला किती तारतं, ते मी पाहिलं आहे.

काही राज्यांनी स्वतःची वाट काढली. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००२ मध्ये मतदारांनी शाळेनंतरच्या केंद्रांना राज्याचा पैसा देणारा ‘प्रस्ताव ४९’ मंजूर केला. अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर तेव्हा गव्हर्नर नव्हते, पण प्रस्तावामागे तेच उभे होते. तिथल्या केंद्रांना प्रत्येक शालेय दिवशी संध्याकाळी निदान सहापर्यंत दार उघडं ठेवावं लागतं आणि वीस मुलांमागे एक मोठं माणूस लागतं.

या वीसाच्या आकड्यातच सगळं अंदाजपत्रक दडलेलं आहे. समजा, पटावर साठ मुलं आहेत आणि रोज पंचेचाळीस येतात. पंचेचाळिसांनाही तीन माणसं लागतात, साठांनाही तीनच. एकसष्टावं मूल आलं की चौथं माणूस नेमावं लागतं. म्हणजे खर्च पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, आणि रिकाम्या पंधरा जागांचे पैसे तुम्ही भरतच असता. म्हणून एका मुलाचा खर्च काढताना पटाने भागू नका, खऱ्या हजेरीने भागा.

आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पगाराचा असतो, असायलाच हवा. दुपारी तीन ते सहा, एवढ्याच तासांच्या नोकरीवर कोणाचं घर चालत नाही. चांगली माणसं वर्षभरात निघून जातात आणि मुलांना पुन्हा नवा चेहरा ओळखीचा करून घ्यावा लागतो. त्याच माणसाला सकाळी शाळेत सहायक म्हणून काम मिळालं, तर दोन्ही मिळून पूर्ण दिवसाची नोकरी होते. मुख्याध्यापकांशी हे बोलणं प्रस्ताव पाठवण्यापूर्वी करा.

आता प्रस्तावाबद्दल. पगार, खाऊ, बस, जागा, सामान अशा ओळी आखा. प्रत्येकीसमोर वर्षांचे रकाने काढा आणि अनुदान संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचाही एक रकाना ठेवा. त्या रकान्यात पैसे देणाऱ्याचं नाव लिहा. बहुतेक ओळी सुरुवातीला कोऱ्या राहतील. तो कागद दर तिमाहीच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवा, आणि सगळ्यात आधी पगाराची ओळ भरायला घ्या.