सहा इंची तोफांची ‘दिल्ली’

श्रोतेहो, नमस्कार. सप्टेंबर १९४८ मध्ये मुंबईला आलेली ‘दिल्ली’ ही आपल्या नौदलाची पहिली क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. नाव नवं, पण जहाज लढाईत तावूनसुलाखून निघालेलं. ‘अकिलीस’ हे तिचं आधीचं नाव. तेव्हा तिच्यावर बरेचसे खलाशी न्यूझीलंडचे होते.

चार टरेट म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, प्रत्येकात दोन, अशा सहा इंची आठ तोफा तिच्यावर होत्या. सहा इंच हा नळीच्या तोंडाचा व्यास. लांबी साडेसात मीटरच्या वर. एकेक गोळा ५१ किलोचा, म्हणजे सिमेंटचं पोतंच! तो कोठारातून वर चढवायचा, नळीत ठासायचा, त्यामागे कॉर्डाइट दारूची पिशवी सारायची आणि तोफेचं मागचं तोंड बंद करायचं. ही पिशवी रेशमी असे. चैन म्हणून नव्हे हं. साध्या कापडाची धुमसती चिंधी नळीत राहिली, तर पुढची पिशवी सारतानाच भडका उडायचा. रेशीम सहसा मागे काही ठेवत नाही. आणि ही सगळी कसरत डोलत्या जहाजावर, मिनिटाला पाच-सहा वेळा.

१३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ तिची गाठ जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी पडली. त्या जहाजाच्या तोफा अकरा इंची, गोळा ३०० किलोचा, पल्ला सुमारे ३६ किलोमीटर. ‘अकिलीस’चा पल्ला जेमतेम २३. म्हणजे जवळ जाईपर्यंत नुसता मार खायचा. पण ‘श्पे’वर मोठे टरेट दोनच होते. एका बाजूने आठ इंची तोफांची ब्रिटिश क्रूझर ‘एक्झेटर’ आणि दुसऱ्या बाजूने ब्रिटिशांचीच ‘एजॅक्स’ व ‘अकिलीस’ भिडल्यावर मारा कुणावर करायचा? ‘एक्झेटर’ची पार दैना झाली. ‘अकिलीस’च्या तोफांची नेमबाजी सांभाळणाऱ्या मनोऱ्यात गोळ्याच्या ठिकऱ्या घुसल्या. तिच्यावरची चार माणसं त्या दिवशी गेली. तरी तिने बाराशेच्या वर गोळे झाडले. ‘श्पे’ने उरुग्वे देशातलं माँटेव्हिडिओचं बंदर गाठलं आणि १७ तारखेला तिच्या कप्तानानेच ती बुडवली. मला विचाराल तर क्रूझरची खरी ताकद तोफेच्या आकारात नाही, भराभर मारा करण्यात आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये ‘दिल्ली’च्या तोफांनी दीवच्या किल्ल्यावर मारा केला, पोर्तुगिजांविरुद्ध आपल्या लष्कराला तो आधार होता. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. तिचा एक टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या नाविक तळाच्या दाराशी तो आज उभा आहे.