दुपारचा डबा आणि रात्रीचे जेवण यांच्यामध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करायचे मनावर घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा भाताविषयी असतो. भात सोडू का, पोळ्या दोन खाऊ की तीन, वरणावर तूप घेतले तर चालेल का, असे त्याचे सगळे लक्ष ताटाकडे असते. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचे ताट मात्र बहुतेक वेळा फारसे बिघडलेले नसते. दुपारी एक वाजता उघडलेल्या डब्यात पोळी, भाजी, क्वचित उसळ असते आणि रात्री घरी आमटी-भात असतो. पण बदलापूरला किंवा विरारला राहणाऱ्याचे रात्रीचे पान साडेनऊ-दहाच्या आधी वाढले जात नाही, म्हणजे दोन जेवणांमध्ये आठ-नऊ तासांचे अंतर पडते. त्या अंतरात चहाबरोबरची बिस्किटे, कार्यालयातल्या खणातले वेफर्स, फलाटावर घेतलेले थंड पेय आणि घरी पोचल्यावर कुकर होईपर्यंत तोंडात टाकायचे फरसाण असे जे पोटात जाते, त्याला आपण खाणे म्हणतच नाही. दिवसभरात काय खाल्ले असे विचारले तर ते सांगायचेही राहून जाते. आज मला बोलायचे आहे ते याच खाण्याविषयी.

अन्नावर प्रक्रिया करणे ही काही नवी गोष्ट नाही. भाजणी, पापड, लोणचे, सुकवलेले बोंबील, विरजलेले दही हे सगळे प्रक्रिया केलेलेच पदार्थ आहेत आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी प्रक्रियेच्या प्रमाणानुसार अन्नाचे चार गट पाडले. त्यातला चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. ज्यात घरच्या फडताळात कधीच न सापडणारे घटक असतात, म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, ते पदार्थ साधारणपणे या गटात येतात. आता, वडापाव काही या गटाचा नमुना नव्हे. पण म्हणून तो रोज दोन खाल्ले तरी अंगाला लागणार नाहीत, असा अर्थ कृपा करून काढू नये. तळलेला बटाटा आणि मैद्याचा पाव यांचा हिशेब वेगळा आणि तोही चुकता करावाच लागतो.

या चौथ्या गटाचा वजनाशी थेट संबंध आहे का, हे तपासणारा एक प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० प्रौढांना संस्थेतच मुक्कामाला ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. दोन्ही प्रकारांत समोर ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण जुळते ठेवले होते आणि प्रत्येकाने हवे तितके खावे अशी मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्न असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले. साधे अन्न असताना ते जवळजवळ तेवढेच उतरले. प्रयोग लहान होता, मुदतही थोडी होती, हे खरे. तरी मला त्यातली एक नोंद फार बोलकी वाटते: अतिप्रक्रियायुक्त अन्न लोक अधिक वेगाने खात होते. मऊ, कोरडे, फारसे चावावे न लागणारे अन्न भराभर आत जाते आणि पोट भरल्याची जाणीव मागून येते. तेव्हा वजन वाढलेल्या माणसाला ‘तुझा जिभेवर ताबा नाही’ असे ऐकवण्याआधी, त्याच्या हातात कोणते अन्न आहे हे पाहिले पाहिजे.

पाकीट हातात घेतले तर समोरची बाजू वाचू नका. तिथे कोवळी कणसे असतात, मधाचा थेंब असतो आणि ‘पौष्टिक’ हा शब्द असतो. पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. गव्हाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बिस्किटांवर पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असते, आणि तो मैदाच. साखर एका ठिकाणी दिसते, मग लिक्विड ग्लुकोज आणि इन्व्हर्ट सिरप अशा नावांनी पुन्हा येते. अशा बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण साडेचारशे ते पाचशे कॅलरी असतात. चार बिस्किटे चहात बुडवून संपवायला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि तेवढ्यात दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. ३०० मिलिलिटर गोड थंड पेयात ३० ग्रॅमच्या वर साखर असू शकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना दिवसभराची साखर २० ते २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगतात. चहाचाही हिशेब करा: कपाला दीड चमचा साखर आणि दिवसाला चार कप, की ३० ग्रॅम तिथेच झाली.

आपल्याकडे याची काळजी जरा आधीच करावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे छापून आले. दिसायला सडपातळ असूनही पोटाशी चरबी धरण्याची ही प्रवृत्ती लक्षात घेऊन भारतीयांसाठी या इंडेक्सच्या २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही घरात असावी. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वजन बेताचे असले तरी दुर्लक्ष करू नये.

मग संध्याकाळी खायचे काय? उपाशी राहणे हे उत्तर नव्हे. साडेपाचला पोटात कावळे ओरडत असताना केलेला निग्रह नऊ वाजता फरसाणाच्या डब्यापाशी मोडतो. माझा आग्रह आहे तो दुसऱ्या, लहान डब्याचा. मूठभर फुटाणे, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम, यात सव्वाशेच्या आत कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ते चावायला वेळ लागतो, हा त्यांचा मोठा गुण. कांदा-लिंबू घातलेली वाफवलेली मटकी, उकडलेले अंडे, पेरू किंवा स्टेशनबाहेरच्या गाडीवरचे एखादे केळे हेही चालेल. शेंगदाण्यांना मात्र हात आखडता घ्या, ते चांगले असले तरी तेलबी आहेत. हे खाणे लोकल पकडण्याआधी व्हावे. ते झाले की रात्रीच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घेण्याची गरज बहुधा आपोआप कमी होते आणि भात सोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी भरपूर झाले. महिन्यात दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिरातींत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि वजन परत येते, हे सांगितलेले नसते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा आणि प्रमाण बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण खाणे बदलले की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.

नमस्कार.