कितवं वेत?

नमस्कार श्रोतेहो. घरात कुत्री पाळलेल्यांशी आज मला बोलायचं आहे, आणि पिल्लू आणायच्या विचारात असलेल्यांशी तर जास्तच. विषय आहे पाळीव कुत्रीकडून वरचेवर पिल्लं घेण्याचा. 'घेण्याचा' असंच म्हणते, कारण पाळीव कुत्रीची जोडी माणूस ठरवतो, दिवस माणूस ठरवतो आणि पिल्लं कुणाकडे जायची हेही माणूसच ठरवतो.

मुद्दा एकच आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवरचं बोलणं मागे जाऊन वाचता येत नाही. कुत्री माजावर आली म्हणजे तिचं शरीर पुढच्या बाळंतपणाला तयार झालं, असं नाही. साधारण सहा-सात महिन्यांनी ती माजावर येतेच. आधीच्या वेताची झीज भरून निघालेली असो वा नसो, माज येतो.

जरा हिशेब करू. पोटात पिल्लं सरासरी 63 दिवस असतात. पुढे सात-आठ आठवडे अंगावर पिणं आणि आईच्या मागे मागे असणं. म्हणजे एका वेताला चार महिने गेले. वर्षातून दोनदा व्याली तर बारातले आठ महिने ती एकतर गाभण आहे, नाहीतर दूध पाजते आहे. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना दुधाची ओढ सगळ्यात जास्त असते. त्या दिवसांत, पिल्लं किती आहेत त्यानुसार, तिला एरवीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागतं. तेवढं पोटात गेलं नाही तर ती दूध कमी करत नाही, स्वतःच्या अंगातून काढून देते. मांस उतरतं, केस जातात, पाठीचा कणा हाताला लागतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर चिंगीची गोष्ट ऐका. मी पशुवैद्य आहे, आणि विषय निघाला की मी हीच गोष्ट सांगते.

दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. एक गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी आत आले. गृहस्थांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली पांढरी, छोटी पॉमेरेनियन. टॉवेल थरथरत होता. टेबलावर ठेवली तर उभीच राहीना. चारही पाय ताठ, जबडा आवळलेला, धाप इतकी की छाती नुसती फडफडत होती. मुलगी म्हणाली, "दुपारपासून ही नुसती घरभर फिरत होती. पिल्लांना जवळ येऊ देत नव्हती. तोंड सारखं सतरंजीवर घासत होती. मग पडलीच."

मी ताप पाहिला. 106 फॅरनहाइटच्या वर. विचारलं, "पिल्लं केवढी आहेत?"

"तिसरा आठवडा संपत आला."

"किती आहेत?"

"पाच."

छोट्या जातीची कुत्री, पाच पिल्लं आणि तिसरा आठवडा. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच मला कळलं होतं. रक्तातलं कॅल्शियम दुधावाटे इतकं निघून गेलं होतं की स्नायू आखडले होते. याला एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि उपचार लगेच मिळाले नाहीत तर जनावर काही तासांत दगावू शकतं.     

पुढच्या पायाची शीर शोधली, सुई लावली आणि कॅल्शियमचं इंजेक्शन सुरू केलं. ते भसकन देता येत नाही. वेगाने गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, हृदय बंदही पडू शकतं. म्हणून एक हात सिरिंजवर आणि कान स्टेथोस्कोपला. थोडं द्यायचं, थांबायचं, ठोके ऐकायचे, परत थोडं. मुलीला मी चिंगीचा मागचा पाय धरायला सांगितला होता. धरायची तशी गरज नव्हती, पण त्या पोरीच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

आधी कानांची थरथर थांबली. मग जबडा सैल पडला आणि जीभ बाहेर येऊन नाकावरून फिरली. मग मांड्या. अर्धीअधिक सिरिंज संपली तेव्हा चिंगीने मान उचलून मुलीकडे पाहिलं, आणि टेबलावरच भलं मोठं मूत केलं. मुलगी एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली.

आता मला तिला नीट तपासायला सवड मिळाली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पाठीवरचे केस विरळ, शेपटी तर जवळजवळ उघडीच. सड लोंबलेले, त्यांच्यावर पिल्लांच्या नखांचे ओरखडे, जुन्या ओरखड्यांवर नवे. वय विचारलं. चार वर्षांचीही नव्हती.

मी गृहस्थांना विचारलं, "कितवं वेत?"

ते विचारात पडले. "चौथं असेल. नाही, पाचवं."

मुलगी म्हणाली, "सहावं, बाबा."

तिने दप्तरातून एक वही काढली. वहीच्या मागच्या पानांवर तिने पिल्लांची नावं लिहून ठेवली होती. प्रत्येक वेताला एक ओळ आणि समोर जन्मतारीख. पहिल्या ओळीत तीन नावं, खाली कुठे चार, कुठे पाच. काही नावांपुढे छोटी फुली होती. ती पिल्लं जगली नव्हती. या वेताआधीच्या दोन ओळींत फुल्या जास्त होत्या. सगळी मिळून 27 नावं. वडिलांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. पहिल्या तारखेला चिंगी स्वतः जेमतेम अकरा महिन्यांची होती, हे त्यांनी बोटांवर मोजलं आणि परत एकदा मोजलं.

श्रोतेहो, हा माणूस दुष्ट नव्हता. चिंगीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नव्हतं. उलट गाभण असताना प्रत्येक वेळी ते आठवणीने कॅल्शियमच्या गोळ्या देत होते. आणि नेमकं तिथेच घात झाला. गर्भारपणात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारी ग्रंथी सुस्त होते. मग दुधाची ओढ लागते त्या आठवड्यात त्या ग्रंथीला वेळेवर जाग येत नाही. परत सांगते, कारण हे घरोघर चालतं. गाभण कुत्रीला स्वतःच्या मनाने कॅल्शियम देऊ नका. चांगला, पुरेसा आहार द्या. गोळी हवी की नको ते डॉक्टर ठरवतील.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय काळजी घ्यायची?" मी म्हटलं, "पुढची वेळ नको." ते अवघडले. म्हणाले, "दोघांना पिल्लू देईन असा शब्द दिलाय." मी म्हटलं, "शब्द तुम्ही दिलात. अंगावर तिने का काढायचा?" यावर ते काही बोलले नाहीत. मुलीने वही दप्तरात ठेवली.

एक दिवस पिल्लांना बाटलीने वरचं दूध पाजलं, मग हळूहळू आईपासून तोडलं. दूध आटल्यावर ते स्वतःच चिंगीला ऑपरेशनसाठी घेऊन आले. गर्भाशय काढलं. काही महिन्यांनी ती लसीला आली तेव्हा शेपटी अशी भरली होती की मी आधी मुलीला ओळखलं, मग कुत्रीला.

तर कितवं वेत, आणि आधीचं कधी? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा.

आता एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. माजानंतर साधारण दोन महिने कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, ती गाभण असो वा नसो. रिकाम्या गर्भाशयावर हा मारा वारंवार झाला की आतलं अस्तर बिघडतं आणि पुढे गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका वाढतो. म्हणून काही तज्ज्ञ म्हणतात की तरुणपणी लागोपाठ दोन-तीन वेतं घ्यावीत आणि मग लवकर गर्भाशय काढून टाकावं. पण हा सल्ला आहे वजन, रक्त, आहार तपासलेल्या, वेळेवर ऑपरेशन होणार असलेल्या कुत्रीसाठी. लोक त्यातलं 'लागोपाठ' तेवढं उचलतात आणि 'काढून टाकावं' सोडून देतात. शिवाय कुत्री म्हणजे नुसतं गर्भाशय नव्हे. तिला हाडं आहेत, हृदय आहे, आणि पिल्लांपासून जरा लांब निवांत पडून राहायची इच्छाही असते.

पायोमेट्राची भीती असेल तर खात्रीचा उपाय नसबंदी, म्हणजे चिंगीवर केलं तेच ऑपरेशन. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून दिसलं की नसबंदी न केलेल्या सुमारे चारातल्या एका मादीला दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. आणि "एकदा तरी पिल्लं झाली की तिची तब्येत सुधारते" याला वैद्यकीय आधार नाही. आई झाली नाही म्हणून कुत्री मनाला लावून घेत नाही. ती इच्छा आपली असते.

जगात यावर काही मर्यादा घातल्या गेल्या आहेत. ब्रिटनचा केनल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी 1873 सालची संस्था, एका मादीच्या चारपेक्षा जास्त वेतांची नोंद करत नाही. आधी ही मर्यादा सहा होती. दोन सिझेरियन झालेल्या मादीच्या पुढच्या पिल्लांचीही नोंद होत नाही. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून 2013 मध्ये लूसी नावाची, कॅव्हेलियर जातीची एक मादी सोडवली गेली. वारंवारच्या बाळंतपणांनी आणि पिंजऱ्यात कोंडून राहण्याने तिची दशा झाली होती. तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडमध्ये लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकायला त्याने बंदी आली. पिल्लू जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवूनच विकायचं. मला हा कायदा फार आवडतो, कारण तो गिऱ्हाइकाला आईसमोर नेऊन उभा करतो.

लोक मात्र कागद पाहतात. "पेपर्स आहेत का?" हा पहिला प्रश्न. वंशावळीच्या कागदावर आजा-पणजाची नावं असतात. आईचं वजन किती, तिला किती वेळा व्यायला लावलं, हे त्यावर नसतं. आणि चपट्या नाकाच्या जातींबद्दल तर माझं मत स्पष्ट आहे. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बॉस्टन टेरियरची 80 टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली आढळली. ज्या जातीला पोट फाडल्याशिवाय सहसा व्यायलाच जमत नाही, तिची पिल्लं वर्षातून दोनदा काढणं मला कोणत्याही कारणाने पटत नाही. जाहिरातींत हीच कुत्री गोंडस म्हणून दाखवतात, याचाही मला राग येतो. त्यांचं घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण असते.

पिल्लांचं थोडक्यात सांगते. थकलेल्या आईची पिल्लं कमी वजनाची, अशक्त निघण्याची शक्यता जास्त. पुढच्या माजाची घाई असली की पिल्लांना आठ आठवड्यांच्या आत तोडलं जातं, आणि भावंडांत खेळताना किती जोरात चावायचं हे शिकायचे दिवसच हातातून जातात. अशी पिल्लं पुढे भित्री, चावरी होऊ शकतात. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू देणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. नराचंही पाहा. एकच देखणा नर जिकडेतिकडे लावला की त्याच्यातला दोष शेकडो पिल्लांत उतरतो. तपासणी न करता जोड्या लावल्या तर ब्रुसेला कॅनिस हा जंतू एकीकडून दुसरीकडे जातो. त्याने गर्भ पडतात आणि तो माणसालाही लागू शकतो. जोडी लावण्याआधी नर आणि मादी दोघांचं रक्त तपासून घ्या.

पिल्लू आणायला जाल तेव्हा आई पाहायला मागा. "ती आत झोपली आहे," असं म्हणाले तर थांबा, ती उठेपर्यंत बसा. तिच्या पाठीवरून हात फिरवा. केस पाहा, सड पाहा. विचारा, कितवं वेत? आधीचं कधी? दोन्ही उत्तरं पटकन आणि तारखेसकट मिळाली पाहिजेत. नाही मिळाली तर पिल्लू कितीही गोड असलं तरी रिकाम्या हाताने परत या, कारण तुम्ही ते उचललंत की तिच्या पुढच्या वेताची तयारी सुरू होते.

आणि ज्यांच्या घरात नसबंदी न केलेली मादी आहे, त्यांनी प्रत्येक माजाची तारीख लिहून ठेवा. माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत ती एकाएकी खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, मलूल झाली किंवा खालून घाण जायला लागली, तर उद्यावर ढकलू नका. खालून काही जात नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, आत कोंडलेला पू जास्त धोक्याचा असतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि माजाची तारीख सोबत न्या. नमस्कार.